पूरनकाशा करडा पडतो, दोष रेंजचा नाही

संपादक महोदय,

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटपासून सगळीकडे मोबाइलवर पूरनकाशे उघडले जातात. पुष्कळदा डाव्या कोपऱ्यात नकाशाचा एखादा तुकडा दिसतो, बाकी सगळे करडे. लोक रेंजला शिव्या देतात. चूक बहुधा जावास्क्रिप्टमध्ये असते.

लीफलेट ही वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) नकाशाच्या चौकटीचे माप घेऊन लक्षात ठेवते. ब्राउझरची खिडकी लहानमोठी झाली तर ती नवे माप घेते. पण बाजूचा मेनू मिटून चौकटच रुंदावली तर तिला पत्ता लागत नाही. लपलेल्या टॅबमध्ये नकाशा तयार केला तर माप शून्य बाय शून्य येते. शून्याचा मध्य डाव्या-वरच्या कोपऱ्यातच पडणार! आयर्विन पूल मध्यभागी ठेवायला सांगितले तरी तो कोपऱ्यात जाऊन बसतो आणि २५६ पिक्सेलच्या मोजक्याच टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) येतात.

यावर लीफलेटला पुन्हा माप घ्यायला लावणारे इनव्हॅलिडेट-साइज हे फंक्शन आहे. ते बरेच जण अंदाजे १०० मिलिसेकंदांचा टायमर लावून चालवतात. मेनू सरकायला ३०० मिलिसेकंद लागत असतील तर अर्धवट माप हाती येते. त्यापेक्षा नकाशाच्या डिव्हवर, म्हणजे त्याच्या चौकटीच्या घटकावर, रीसाइज-ऑब्झर्व्हर (माप बदलले की कळवणारी ब्राउझरची सोय) लावून त्यातून हे फंक्शन चालवावे. चौकट कशानेही बदलो, माप अचूक मिळते. ओपनलेयर्स या दुसऱ्या नकाशा-लायब्ररीत हेच काम अपडेट-साइज करते, मॅपलिब्रे या तिसरीत रीसाइज.

ठरलेला भाग पूर्ण दिसेल असा नकाशा बसवणारे फिट-बाउंड्स मात्र त्यात घालू नये. माणूस आपली गल्ली शोधून झूम करतो, फोन आडवा धरतो आणि नकाशा पुन्हा अख्ख्या जिल्ह्यावर जातो. पुराच्या रात्री याइतका वैताग दुसरा नाही. चौकटीला पहिल्यांदा खरे माप मिळाले की फिट-बाउंड्स एकदाच चालवावे, पुढे नाही.

उंचीचेही तसेच. डिव्हला १०० टक्के उंची दिली आणि वरच्या घटकाला दिलीच नाही, तर नकाशा दिसतच नाही. १०० व्हीएच (पडद्याच्या उंचीवर आधारलेले माप) दिली तर मोबाइलच्या अ‍ॅड्रेस बारमुळे तळाची रंगसूची झाकली जाते. तिथे अ‍ॅड्रेस बारप्रमाणे बदलणारे डीव्हीएच वापरावे, जुन्या ब्राउझरसाठी आधीच्या ओळीत व्हीएच ठेवावे.

पूरनकाशे चालवणाऱ्यांनी जूनआधी साध्या फोनवर टॅब बदलून, मेनू उघडून आणि फोन आडवा करून हे तपासावे. ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर यातल्या काही चुका दिसतच नाहीत.

– वेब-नकाशांचे काम करणारे काही वाचक, सांगली