पडलेल्या झाडाचं लाकूड वॉर्डातच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात तुमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर एक फोटो ठरलेला असतो, कारवर नाहीतर रिक्षावर आडवं पडलेलं झाड आणि बाजूला करवत घेऊन उभे असलेले अग्निशमनचे जवान. कोण जखमी झालं, ट्रॅफिक किती वेळ अडकलं ते सगळं येतं, पण त्या लाकडाचं पुढे काय झालं हे कधी छापून आलेलं मी तरी वाचलं नाही. माझा तुर्भ्यात फर्निचरचा धंदा आहे, रोज हात लाकडाला लागतो, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच की ते लाकूड जळणात न घालता वॉर्डातल्याच बाकांना, मंडपांना वापरावं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या नेरूळमध्ये रस्त्याकडेचा एक जुना रेन ट्री पडला. रस्ता मोकळा करायचा म्हणून मशीन करवतीने खोडाचे भराभर दोन-दोन फुटांचे तुकडे केले आणि टेम्पोत भरून नेले. मी जवळ जाऊन कापलेली बाजू बघितली, गाभा चॉकलेटी तपकिरी, कडेचा भाग पिवळसर, दोन माणसांच्या कवेत येणार नाही एवढा घेर. हेच लाकूड थायलंड, फिलिपिन्समध्ये टेबलं आणि कोरीव भांडी करायला वापरतात. झाड कापणाऱ्या माणसाला मी म्हटलं की दादा आठ फुटांचे ओंडके काढा ना, तर तो म्हणाला साहेब आम्हाला रस्ता मोकळा करायचाय. त्याचं बरोबरच आहे, त्याला कोणी तसं सांगितलेलंच नाही. पण सगळा प्रश्न तिथेच आहे, करवत कुठे लावायची त्यात. आठ फुटांवर लावली तर त्यातून बाक होतो, मंडपाचा खांब होतो, दोन फुटांवर लावली की जळणाशिवाय दुसरा उपयोग नाही.

पुढचं काम काही फार अवघड नाहीये. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना रंग किंवा मेण लावायचं म्हणजे तो सुकताना फाटत नाही, मग वखारीत नेऊन फळ्या पाडायच्या, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून सावलीत वारा लागेल अशा रचायच्या. उघड्यावर सुकायला इंचाला साधारण वर्ष धरतात, आपल्या दमट हवेत घाई करून चालत नाही. वाळवी आणि भुंग्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी द्यायचं. गुलमोहराचं लाकूड मऊ, लवकर किडतं, ते जळणात गेलं तर माझी काही तक्रार नाही, पण रेन ट्री, शिरीष, आंबा, जांभूळ, फणस हे चुलीत घालणं मला खरंच बघवत नाही. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, जाळलं किंवा सडू दिलं की तो परत हवेत, बाक करून ठेवला तर पुढची पंचवीस-तीस वर्षं तिथेच.

लाकडाची इमारत म्हटलं की लोकांना जुनाट वाटतं. नॉर्वेमध्ये २०१९ साली १८ मजल्यांची, ८५ मीटर उंच इमारत लाकडात उभी राहिली. स्वीडनच्या शेलेफ्टिओ गावात २०२१ मध्ये २० मजल्यांचं लाकडी सांस्कृतिक केंद्र उघडलं, त्यात नाट्यगृह आहे, गावची लायब्ररी आहे आणि लाकूड आसपासच्याच जंगलांतलं. आगीचं म्हणाल तर जाड लाकूड बाहेरून मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळत जातं आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला सांभाळतो, इंजिनिअर हे धरूनच माप काढतात. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये बांधकामात लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली, तरी सरकारी टेंडरात अजून स्टील, सिमेंट आणि फायबरच दिसतं. मी इथे वीस मजले मागत नाहीये. मला बसस्टॉपची शेड, बागेतला मंडप, पेपर वाचायची जागा एवढंच लाकडात हवंय.

आणि पावसाचं कारण मला कोणी सांगू नये, ठाण्यातल्या जुन्या वाड्यांचे सागाचे खांब कित्येक पावसाळे काढून उभे राहिलेत. कारण खांब जमिनीत पुरत नव्हते, दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या बैठकीवर, ठेवायचे म्हणजे ओल वर चढत नाही, आणि वळचण एवढी बाहेर काढायची की पागोळ्या खांबापासून लांब पडतात. हे दोन नियम पाळले तरी अर्धं काम झालं.

जागा कशी असावी तेही आपल्याच शहरात बघायला मिळतं. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सात-सात घरं एका अंगणाभोवती मांडली, असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण. मूळची बरीच घरं आता पाडून आरसीसीची झालीत, पण सामाईक अंगणं आहेत, मुलं खेळतात, म्हाताऱ्या बायका संध्याकाळी बाहेर बसतात. अशा अंगणात झाडाखाली लाकडी मंडप शोभतो आणि वापरलाही जातो, कारण उन्हात स्टीलचा बाक चटका देतो, लाकडाचा तेवढा देत नाही.

यात जिवंत झाडं मात्र विसरू नका. आपण बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट लावतो, केबलसाठी खणताना मुळं तोडतो आणि मग झाड पडलं की वाऱ्याला दोष देतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडेही रस्ता नवा करताना तेवढी माती मोकळी ठेवा. लाकूड मिळतं म्हणून उभं झाड पाडायला कोणी निघाला तर मीच आधी आडवा येईन.

तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या वार्ताहराला ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पालिकांच्या उद्यान विभागात पाठवा आणि विचारा, गेल्या पावसाळ्यात पडलेल्या झाडांचं लाकूड वॉर्डनुसार किती निघालं, कुठे गेलं, कोणाला किती रुपयांना दिलं. उत्तर मिळालं की छापा, आणि पहिले आठ फुटी ओंडके कापून पाहिजे असतील तर वर्कशॉपमधली सावलीची जागा द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक रहिवासी, नेरूळ