बारा हेलिकॉप्टर म्हणजे प्रत्यक्षात चार

सोलापूर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

छोट्या देशांच्या हवाई दलांवरील आपल्या लेखात कोणी किती हेलिकॉप्टर घेतली याचा तक्ता होता. त्यातली आज सकाळी उडण्याजोगी किती, हा रकाना मात्र त्यात नव्हता, आणि खरी गोष्ट त्याच रकान्यात असते.

बारा हेलिकॉप्टरांचा ताफा धरा. एकदोन कायम ओव्हरहॉलसाठी, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करायला, कारखान्यात. दोन हँगरमध्ये, ठरलेल्या तासांच्या तपासणीसाठी उघडून ठेवलेली. एक तरी सुट्या भागाची वाट पाहत उभे. उरली सात. नव्या वैमानिकांना शिकवायला आणि जुन्यांचा सराव टिकवायला त्यातली दोनतीन जातात. पुरातून माणसे काढायला किंवा चौकीवर रसद टाकायला हाताशी चार, फार तर पाच. हा हिशेब नीट चालणाऱ्या दलाचा झाला. नॉर्वेसारख्या श्रीमंत देशाने २००१ मध्ये १४ एनएच-९० मागवली. सगळ्या ताफ्याची मिळून वर्षाला ३,९०० तास उड्डाणाची गरज असताना ती सरासरी ७०० तासांच्या आसपासच उडत होती. शेवटी जून २०२२ मध्ये नॉर्वेने करार मोडला आणि यंत्रे परत घेऊन जा म्हणून सांगितले.

निवडीची सुरुवात माहितीपत्रकावरून होते आणि तिथेच फसगत होते. त्यातले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. आपल्याच गावाचे उदाहरण घेऊ. होटगी रस्त्यावरचा विमानतळ साधारण ४८० मीटर उंचीवर आहे. या उंचीला प्रमाणित तापमान १२ अंश. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की फरक ३० अंशांचा. दर अंशामागे सुमारे ३६ मीटर धरले तर हवा इतकी विरळ होते की रोटरच्या, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांच्या दृष्टीने आपण दीड हजार मीटरच्याही वर असतो. म्हणजे उन्हाळ्यातली सोलापूरची दुपार रोटरला महाबळेश्वराच्या माथ्यापेक्षा उंच वाटते. कागदावर दहा माणसे उचलणारे यंत्र तिथे सहाच उचलते, असे सहज घडते. म्हणून विक्रेत्याला एकच तक्ता मागावा: आपल्या सर्वांत उष्ण आणि उंच तळावर, जमिनीलगतच्या हवेच्या गादीचा आधार न घेता, पूर्ण कामगिरीचे वजन आणि परतीचे इंधन घेऊन हॉवर करता, म्हणजे हवेत एका जागी स्थिर राहता येते का? चाके की स्किड (खालच्या दोन आडव्या नळ्या), हेही इथेच ठरते. स्किड हलकी आणि स्वस्त. पण चाके असली तर वजन जास्त असताना थोडे पळवून उड्डाण करता येते, आणि हँगरमधून बाहेर काढायला चारजणांना घाम गाळावा लागत नाही.

दुसरा प्रश्न किती प्रकार ठेवायचे हा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कोणत्याही यंत्रमाग कारखानदाराला विचारा. चार कंपन्यांचे माग लावले तर चार तऱ्हेचे सुटे भाग लागतात आणि जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) चारही यंत्रांची नस कळायला वर्षे जातात. हेलिकॉप्टरला तर त्यावर वेगळी हत्यारे, वेगळी मॅन्युअल, वेगळे प्रशिक्षण. पंधरा यंत्रांच्या दलाने पाच प्रकार बाळगणे ही चैन आहे. पण एकाच प्रकारावर सगळे टाकण्यातही धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाच्या ध्रुव या भारतीय बनावटीच्या हेलिकॉप्टरला अपघात झाला आणि तिन्ही दलांसह देशभरच्या ध्रुवची उड्डाणे थांबवली गेली. आपल्याकडे चेतक, चीता, मि-१७ ही दुसरी हेलिकॉप्टर होती म्हणून भागले. छोट्या दलाजवळ दुसरे काही नसते. आमच्या मते प्रकार दोनच असावेत: एक कामाचे, मध्यम वजनाचे, दोन इंजिनांचे, दुसरे हलके, शिकवण्यासाठी आणि किरकोळ कामांसाठी.

सुटे भाग कुठे बनतात हे करारावर सही करण्याआधी बघावे. मि-१७ चा सांगाडा रशियात तयार होतो, पण त्याची टीव्ही३-११७ इंजिने वर्षानुवर्षे युक्रेनमधल्या झापोरिझ्झियातून येत होती. या दोन देशांचे बिनसेल असे खरेदीच्या वेळी कोणाच्या मनातही नव्हते. इक्वेडोरने आपल्याकडून सात ध्रुव घेतली; त्यांतली चार पडली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये करार रद्द झाला. काही अपघातांत वैमानिकांची चूक होती, तरी सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत ही त्यांची तक्रार झटकून टाकण्यासारखी नव्हती. बारांच्या ताफ्याबरोबरच एक मेन गिअरबॉक्स (इंजिनाची ताकद रोटरला पोचवणारी दातेरी चाकांची पेटी), दोनतीन इंजिने आणि ब्लेडचा एक पूर्ण संच जादा घ्यावा. नंतर मागवायला गेले की महिने मोडतात.

माणसांचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. बारा यंत्रे वर्षाला प्रत्येकी २०० तास उडाली तर २,४०० तास. एका उड्डाणतासामागे देखभालीचे दहा मनुष्यतास धरले तर २४,०००. रजा, पहारा, कवायत, कागदपत्रे वजा जाता एका तंत्रज्ञाचे हात वर्षाला हजारभर तासच यंत्रावर पडतात. म्हणजे चोवीस जण. आणि इंजिनवाला विजेचे काम करत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पट.

त्या हातांनी काय करायचे त्याचा एक नमुना. मेन गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकी प्लग असतो, चिप डिटेक्टर; झिजेचा लोखंडी चुरा त्याला चिकटला की वैमानिकासमोर दिवा लागतो. त्याचा दिवा लागला की आधी उतरायचे. प्लग काढून पांढऱ्या कापडावर पुसायचा आणि भिंगातून बघायचे. काजळासारखी लापी असेल तर नुकत्याच ओव्हरहॉल होऊन आलेल्या गिअरबॉक्समध्ये ती चालते. प्लग साफ करून बसवायचा, जमिनीवर यंत्र चालवायचे, पुन्हा काढून बघायचे. चकचकीत, बोटाला टोचणारी खपली निघाली तर बेअरिंगचा किंवा गिअरच्या दातांचा पापुद्रा सुटतो आहे. मॅन्युअलमधल्या मापाबाहेर गेली की गिअरबॉक्स उतरवायचा, त्यात घासाघीस नाही. बेअरिंगच्या पिंजऱ्याचा पितळी चुरा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून फिल्टरही उघडायचाच. तपासणीसाठी तेलाचा नमुना यंत्र बंद होताच, गरम असताना आणि वरून नवे तेल घालण्याआधी घ्यायचा. नंतर घेतला तर धातूचे प्रमाण फसवे कमी दिसते. एवढे करूनही काही गोष्टी निसटतात. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत एका ईसी-२२५ हेलिकॉप्टरचा रोटर हवेतच सुटला आणि १३ जण गेले. गिअरमधली भेग पृष्ठभागाखालून वाढत गेली होती आणि प्लगला पत्ता लागावा एवढा चुरा तिने पाडलाच नव्हता. म्हणून भागांचे ठरलेले आयुष्य ‘अजून बरा दिसतोय’ म्हणत वाढवू नये.

थरथरीचेही तसेच. रोटरच्या प्रत्येक फेऱ्याला वरखाली धक्का बसत असेल तर ब्लेड एका पातळीत फिरत नाहीत, पिच लिंक (ब्लेडचा कोन बदलणारा दांडा) किंवा ट्रिम टॅब (ब्लेडच्या मागच्या कडेची वाकवता येणारी पट्टी) बघावा. आडवा हेलकावा असेल तर हबवरच्या (ब्लेड जिथे जोडलेली असतात त्या मध्यावरच्या) वजनाचा तोल गेला आहे. ही थरथर साधारणपणे ०.२ इंच प्रति सेकंदाच्या आत ठेवतात. वैमानिकाला सवय होते म्हणून ती तशीच राहू दिली की वायरी घासतात, रिव्हेट ढिले होतात आणि महिन्याभराने भलतीच उपकरणे बंद पडू लागतात. उभ्या यंत्राचेही वय वाढतेच: सील, होस आणि रबराच्या बेअरिंगना तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते.

सर्वांत वाईट सवय म्हणजे एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावणे. एक पंप बदलायला दोनदा काढावा आणि दोनदा बसवावा लागतो. त्यात युनियनचे (नळ्या जोडणाऱ्या नटांचे) आटे खराब होतात, लॉग कार्डावरचे तास चुकतात, आणि ज्याच्यातून भाग काढत गेले ते यंत्र हँगरच्या कोपऱ्यात सांगाडा होऊन बसते. तक्त्यात मात्र ते मोजलेलेच असते.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात मि-१७ ला ‘लढाऊ हेलिकॉप्टर’ म्हटले आहे. ते मालवाहू आहे. बाजूच्या आधारांवर रॉकेटचे पॉड लावता येतात, इतकेच. छोट्या दलाला हेच परवडते. निव्वळ हल्ल्याचे हेलिकॉप्टर संचलनात रुबाबदार दिसते, पण त्यातून ना जखमी आणता येत, ना धान्याची पोती.

आपले,
काही निवृत्त हेलिकॉप्टर तंत्रज्ञ
जुळे सोलापूर