सुपारीच्या बागेतील रिसॉर्ट आणि पाण्याचा हिशेब

मा. संपादक,

महोदय,

अंदमानातील स्वराज द्वीपावर (पूर्वीचे हॅवलॉक) नारळ-सुपारीच्या बागांमध्ये उभ्या राहणाऱ्या छोटेखानी रिसॉर्टांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखातील कौतुकाला माझी हरकत नाही. माडांच्या उंचीखाली राहणाऱ्या दहा-बारा खोल्या समुद्रकाठच्या तीनमजली काँक्रीटपेक्षा केव्हाही बऱ्या. मात्र बाग पाण्यावर जगते आणि लेखात पाण्याचा साधा उल्लेखही नाही.

या बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने जमिनी दिल्या. सपाटीवर भात आणि उतारावर नारळ-सुपारी, अशी त्यांनी उभी केलेली शेती आहे. अंदमानात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दोन्ही मोसमी वाऱ्यांमुळे तो मे ते डिसेंबर असा लांबतो; पण बेट लहान आणि ओढे आखूड असल्याने पाणी हां हां म्हणता समुद्राला मिळते. जानेवारी ते एप्रिल हा कोरडा काळ, आणि पर्यटकांचा हंगामही नेमका तोच. श्रीवर्धनला आमची पोफळीची वाडी आहे, म्हणून अनुभवाने सांगतो, की पोफळीची मुळे उथळ असतात आणि उन्हाळ्यात शिंपणे चुकले की झाड मान टाकते. बाग, गावकरी आणि पाहुण्यांचा जलतरण तलाव अशा तिघांची तहान एकाच विहिरीवर लादली, तर ती आटेल, आणि किनाऱ्यालगत असेल तर मचूळही होईल.

हिशेब अवघड नाही. दहा खोल्यांत वीस पाहुणे आणि माणशी रोज ३०० लिटर धरले, तर कोरड्या १२० दिवसांसाठी ७ लाख २० हजार लिटर पाणी लागेल. एवढे पाणी ३०० चौरस मीटर छपरावर एका वर्षात सहज पडते, थोडी गळती-नासाडी धरूनसुद्धा! ते साठवायला मात्र २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकी हवी. ही टाकी छायाचित्रात शोभत नाही, म्हणूनच बहुधा ती नकाशात शेवटी येते आणि खर्च वाढला की सर्वांत आधी वगळली जाते. खोल्यांची परवानगी टाकी बांधून झाल्यावरच आणि तिच्या मापाएवढीच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांडपाण्याचे तसेच आहे. २०१० मध्ये समुद्र तापल्याने अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. अशा प्रवाळांच्या माथी शोषखड्ड्यांतून झिरपणारी घाण मारू नये. पाणी शुद्ध करून बागेलाच द्यावे, म्हणजे शिंपण्याचा भारही हलका होईल.

राहिला झाडे तोडण्याचा प्रश्न. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, हे आम्ही त्यानंतर मोजत बसलो आहोत. समुद्र दिसावा म्हणून बागेतून पट्टा मोकळा करणाऱ्या वास्तुविशारदाने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

सेल्युलर जेल पाहून पुढे स्वराज द्वीपाला जाणाऱ्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ असतात. आपल्या यापुढील प्रवासलेखांत खोलीच्या भाड्याशेजारी तिथले पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याच्या दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, श्रीवर्धन