चढावर क्लच तापून थांबणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीबाबत तक्रार

चिपळूण, जि. रत्नागिरी
दिनांक : १० मार्च २०२६

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घाटात तापून गाडी तीन वेळा बंद पडणे आणि त्याला ‘प्रॉडक्टचे कॅरेक्टरिस्टिक’ म्हणून मला वाटेला लावणे.
संदर्भ : तीन जॉब कार्डे (सेवाकेंद्राने दिलेल्या कामाच्या नोंदी) आणि काल, ९ मार्च रोजी, आपल्या दूरध्वनी केंद्राशी झालेले ३७ मिनिटांचे संभाषण.

महोदय,

कालच्या संभाषणानंतर आपल्या केंद्राला पुन्हा दूरध्वनी करणार नाही, म्हणून हे लेखी. गाडी आपणच बनवली असल्याने तिची रचना आपल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही तीन महिन्यांत आपल्या एकाही माणसाने ‘क्लच’ हा शब्द स्वतःहून उच्चारला नाही, त्यामुळे काही गोष्टी नाइलाजाने लिहाव्या लागत आहेत.

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी, पाडव्याच्या मुहूर्तावर, मी आपली चार मीटरच्या आतली एसयूव्ही घेतली. मॅन्युअलपेक्षा सव्वा लाखाहून अधिक रक्कम मोजून ऑटोमॅटिक घेतली, ती केवळ माझ्या डाव्या गुडघ्यासाठी आणि आईच्या फेऱ्यांसाठी. आईला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेण्यासाठी कराडला न्यावे लागते आणि चिपळुणाहून कराडला जायचे म्हणजे कुंभार्ली घाट चढावा लागतो. आपल्या शोरूममधील विक्री प्रतिनिधीला मी प्रश्न विचारला तो नेमका याच शब्दांत : “पाच माणसे आणि सामान घेऊन कुंभार्ली चढेल का?” त्याचे उत्तर मला आजही पाठ आहे. “सर, घाट खाऊन टाकेल.” ब्रोशरच्या तिसऱ्या पानावर ही गाडी एका नागमोडी घाटरस्त्यावर, ढगांच्या वर उभी आहे. ती तेथे उभी का आहे, हे मला डिसेंबरात कळले.

१५ डिसेंबर रोजी पोफळी सोडून घाटाला लागलो तेव्हा पुढे जांभ्या चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग होती. गाडीत मी, पत्नी, बहीण आणि आई अशी चार माणसे व मागे दोन बॅगा होत्या. रांग ताशी चार-पाच किलोमीटरने सरकत होती, वळणावर थांबत होती, पुन्हा सरकत होती. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडी गचके देऊ लागली, जळक्या वासाने आईने नाकाला पदर लावला आणि समोरच्या पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतेच ओरडले, चाकांपर्यंत काही पोहोचले नाही आणि मी ब्रेक घट्ट दाबेपर्यंत गाडी हातभर मागे सरकली. मागे ट्रक होता. त्याच्या चालकाने शिव्या न देता अंतर राखले, याबद्दल त्याचे आभार. आपल्या कंपनीचे मानता येत नाहीत. कठड्याशेजारी आम्ही पंचवीस मिनिटे उभे होतो. तेवढ्या वेळात दोन एसटी गाड्या भरलेल्या प्रवाशांसह वर निघून गेल्या आणि दुसरीच्या खिडकीतून कंडक्टरने आमच्या नव्या कोऱ्या, अजून हार सुकायचा राहिलेल्या गाडीकडे ज्या दयेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही. असाच प्रकार १२ जानेवारीला आणि १६ फेब्रुवारीला घडला. दोन्ही वेळी आपल्या माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर न धरता ब्रेकवर धरली, पुढच्या वाहनापासून अंतर सोडले आणि इशारा येताच ‘पी’मध्ये घालून इंजिन चालू ठेवून थांबलो.

मी कोयना प्रकल्पावर ३१ वर्षे नोकरी केली आहे. यंत्र का तापते हे मला कळते आणि कुंभार्ली घाटात सरकारी जीप मी आपल्या विक्री प्रतिनिधीच्या जन्माआधीपासून चालवली आहे. आपल्या या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच आहेत, एक विषम गिअरांसाठी आणि दुसरा सम गिअरांसाठी, आणि दोन्ही कोरडे आहेत, म्हणजे त्यांच्याभोवती उष्णता वाहून नेणारे तेल नाही. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद न पडता गाडी ज्या किमान वेगाने चालू शकते, त्याच्याखालचा प्रत्येक मीटर क्लच घसरवूनच, म्हणजे त्याच्या तबकड्या पूर्ण न जुळवता एकमेकींवर घासत ठेवूनच, कापावा लागतो. सपाटीवर हे निभावते. भरलेल्या गाडीने चढावर, रांगेत, पाऊण तास हेच चालले, तर क्लचच्या तबकड्या तापणारच. ज्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे पोहोचवणारा भाग, असतो तेथे हे काम तेल करते, म्हणून त्या अशा रांगेत सहसा तग धरतात.

त्यात भर आपल्या इंजिनाची. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, तेव्हापासून ही चार मीटरची चौकट या देशात पक्की झाली, आणि सप्टेंबर २०२५ पासून तर अशा गाड्यांना १८ टक्के जीएसटी व त्याबाहेरच्यांना ४० टक्के, एवढे अंतर आहे. त्यामुळे आपण इंजिन लहान ठेवले आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवला, हे मी समजू शकतो. त्या सवलतीचा मलाही लाभ झाला. परंतु लहान इंजिनाचा टर्बो फेरे वाढल्याशिवाय जागा होत नाही. ब्रोशरमध्ये टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा, आकडा ठळक छापला आहे, मात्र तो किती आरपीएमपासून, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांपासून, मिळतो, हे तांदळाच्या दाण्यावर लिहावे इतक्या बारीक अक्षरांत आहे. त्या फेऱ्यांच्या खाली, उभ्या चढावर गाडी हलवायची, तर क्लच आणखी घसरवावा लागतो. लहान टर्बो इंजिन, कोरडा क्लच आणि घाट या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होईल, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही. त्यांना ते ठाऊक आहे, म्हणूनच तो इशारा पडद्यावर आहे आणि म्हणूनच माहितीपुस्तिकेत त्यासाठी अख्खे पान आहे. ती पुस्तिका ग्राहकाच्या हाती पूर्ण पैसे भरल्यावर, गाडीच्या किल्लीबरोबर पडते. ब्रोशर मात्र आधी मिळते आणि त्यात ढगांच्या वरचा घाट असतो.

मी ऊठसूट तक्रार करणाऱ्यांपैकी नाही, हे नोंदवून ठेवतो. ब्रोशरमधले मायलेज मला मिळत नाही. पण तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून ठरवतात, हे मला माहीत आहे, आणि म्हणून त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो आणि भरलेली गाडी आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर पोट घासते, तेही मी सोसले. चार अलॉय चाके सोळा इंची आणि स्टेपनी पंधरा इंची, हा हिशेब मला जमला नाही, तरी गप्प राहिलो. घाटाच्या मध्यावर आईला कठड्यावर बसवावे लागणे मात्र यांत मोडत नाही.

आता आपल्या सेवाकेंद्राविषयी. तिन्ही जॉब कार्डांवर एकच वाक्य आहे : ‘ट्रायल घेतली, दोष आढळला नाही.’ तिसऱ्या वेळी मी गाडी देताना आणि घेताना किलोमीटर लिहून ठेवले. फरक ४ किलोमीटरचा होता. सेवाकेंद्रापासून चार किलोमीटरांत जाऊन-येऊन कोणता घाट लागतो, हे मला चिपळुणात जन्म काढूनही सापडलेले नाही. गाडीत एकटा मेकॅनिक, रस्ता सपाट आणि समोर एकही ट्रक नाही, अशा परीक्षेत गाडी उत्तीर्ण झाली. अभिनंदन.

यानंतर कालचे संभाषण. त्यातली १९ मिनिटे आपल्या जाहिरातीचे गाणे ऐकण्यात गेली, तो भाग सोडून देतो. शेवटी जे ‘वरिष्ठ अधिकारी’ आले, त्यांनी पहिल्यांदा मला वय विचारले. मी ६२ सांगितले. थोडे थांबून ते म्हणाले, “सर, घरात दुसरे कोणी चालवणारे आहे का? मुलगा वगैरे?” मी विचारले, मुलगा बसला की क्लच थंड राहतो का? ते म्हणाले, “तसे नाही सर, पण ड्रायव्हिंग पॅटर्नने फरक पडतो.” मी पॅटर्न सविस्तर सांगितला, पुस्तिकेतले पानही वाचून दाखवले. त्यावर ते म्हणाले, “सर, आपण घाटात राहता, तर मॅन्युअल घ्यायला हवी होती. ऑटोमॅटिक ही मुळात शहरासाठी असते.” मी म्हटले, “जानेवारीत आपल्याच सहकाऱ्याने सांगितले होते की शहरातल्या कोंडीतही गाडी अशी इंचाइंचाने सरकवू नका, क्लच तापतो. मग शहरातही चालवायची नाही आणि घाटातही नाही, तर कुठे?” यावर त्यांनी जे उत्तर दिले ते जसेच्या तसे देतो : “हायवेला, सर. हायवेला एकदम मक्खन चालते.”

महोदय, माझ्या गावाच्या उत्तरेला परशुराम घाट आहे, दक्षिणेला कामथे घाट आहे आणि पूर्वेला कुंभार्ली आहे. पश्चिमेला वाशिष्ठीची खाडी आहे. तीत गाडी घालण्याची सोय आपल्या सर्वांत वरच्या व्हेरिएंटमध्येही दिसली नाही. मी हे त्या अधिकाऱ्यांना सांगितले, तेव्हा ते हसले. ग्राहकाच्या तक्रारीवर हसले. त्यानंतर “आपली तक्रार क्लोज करतो आहे, हे प्रॉडक्टचे कॅरेक्टरिस्टिक आहे,” असे सांगून त्यांनी मला गुण देण्यासाठी एक ते पाचपैकी आकडा दाबायला सांगितला. वय विचारणे, मुलाला बसवा म्हणणे आणि मॅन्युअल का घेतली नाही म्हणून मलाच दोष देणे, हे सगळे त्याच माणसाच्या तोंडून, ज्याच्या कंपनीने मला ऑटोमॅटिक सव्वा लाखाने महाग विकली. हे प्रॉडक्टचे कॅरेक्टरिस्टिक असेल, तर ते ब्रोशरमध्ये छापा. सनरूफला अर्धे पान दिले आहे. त्यातल्या दोन ओळी या कॅरेक्टरिस्टिकला द्या.

मला वाईट याचे वाटते की ही माझी आपल्याकडची पहिली गाडी नव्हे. आपल्याच कंपनीची लहान गाडी मी चौदा वर्षे वापरली. साधे इंजिन, हाताचे गिअर, पॉवर विंडो फक्त पुढे. १,३८,००० किलोमीटर झाल्यावर ती पुतण्याला दिली आणि ती आजही त्याच कुंभार्लीत कुरकुर न करता चढते. त्या गाडीच्या भरवशावर मी दुसऱ्या कोणाच्या शोरूमची पायरी चढलो नाही. आता नातलगांत कोणी गाडीबाबत विचारले तर मी काय सांगावे, हे आपणच कळवा.

माझी मागणी स्पष्ट आहे. गाडीची चाचणी कुंभार्ली घाटात, चार माणसे बसवून, माझ्या उपस्थितीत व्हावी. तीत क्लचचे तापमान आपल्या निदान यंत्रावर नोंदवले जावे आणि त्या नोंदीची स्वाक्षरी केलेली प्रत मला मिळावी. दोष निघाला तर क्लच आणि त्याचा नियंत्रक वॉरंटीत बदलावा. दोष नाही, रचनाच अशी आहे असे आपले म्हणणे असेल, तर तसे लेखी द्यावे आणि गाडी परत घेऊन रक्कम परत करावी, कारण खरेदीच्या वेळी मी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि मला दिलेले उत्तर खोटे होते. पुन्हा चार किलोमीटरची ट्रायल मी मान्य करणार नाही.

२० मार्चपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी आपल्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालण्याची मला गरज नाही, आणि दाखल करायला दोन वर्षांची मुदत आहे. दहा ते वीस लाखांच्या वस्तूसाठी तेथे शुल्क ४०० रुपये आहे, जे आपण मला विकलेल्या पायपुसण्यांच्या किमतीपेक्षा बरेच कमी आहे. ब्रोशर, तिन्ही जॉब कार्डे आणि पडद्यावरील इशाऱ्याची छायाचित्रे मी जपून ठेवली आहेत.

आईची पुढची तारीख सोमवार, २३ मार्च आहे. आम्ही सकाळी सात वाजता निघू. मागच्या सीटवर मधली जागा रिकामी असते. आपल्या अभियंत्यासाठी ती राखून ठेवली आहे. येताना त्यांनी पाण्याची बाटली आणि सावलीसाठी छत्री बरोबर आणावी, कठड्याजवळ झाड नाही.

आपला ग्राहक
(स्वाक्षरी)

सोबत : तीन जॉब कार्डांच्या प्रती, ब्रोशरच्या तिसऱ्या पानाची प्रत, तीन छायाचित्रे.