होस्ट बंद न करता डिस्क ओळखायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं ताई. आमच्या मेट्रन सिस्टरच्या भाचीनं तुमचा नंबर दिला तेव्हा ‘पुण्यात सर्व्हरवर काम करतात आणि फोन उचलतात’ एवढीच ओळख होती. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ आहे. फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही “ते राहू दे, एसएसएच बंद केलंत का?” म्हणून विषयच बदललात (एसएसएच म्हणजे सर्व्हरवर दुरून कमांड द्यायची सोय). आता पत्रात तुम्हाला तसं करता येणार नाही. आणि पत्र उघडं लिहितोय, कारण तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयांत, पतसंस्थांत, शाळांत माझ्यासारखी एकेकटी माणसं सर्व्हर सांभाळत असतात. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आमच्याकडे होस्ट, म्हणजे बाकी मशिन पोटात घेणारा सर्व्हर, एकच. त्यावर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ७ आणि त्यात तीन व्हर्च्युअल मशिन: ओपीडी नि बिलिंग, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रेच्या प्रतिमा. खाली २ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये (चारही एकत्र, एक मेली तरी माहिती वाचते), म्हणजे वापरायला ६ टीबी. बिलिंग मधूनमधून अडखळायला लागलं. पावतीचं बटण दाबायचं, गोल फिरत राहायचं, मग एकदम सगळं सुरळीत. होस्टच्या इव्हेंट्समध्ये त्या त्या वेळी एकच तक्रार उमटलेली असे: अमुक डिव्हाइसची कामगिरी खालावली आहे, लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) इतक्या मायक्रोसेकंदांवरून तितक्यांवर गेली आहे. हे अमुक डिव्हाइस म्हणजे ‘एनएए’ अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक आकडा. चारही डिस्क मिळून जी एक मोठी डिस्क होते, तिचा तो नंबर. त्या चारांतली आजारी कोण, हे त्यावरून कळायला मार्ग नाही.

हेच मला तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. रेड कार्ड डिस्कना आपल्या मागे घेतं आणि होस्टसमोर एकच चेहरा ठेवतं. होस्टला डिस्क चार आहेत की चौदा, याची फिकीर नसते. डिस्क पूर्ण मेली तर कार्ड बोंब मारतं, अलार्म वाजतो, ट्रेवर दिवा लागतो. पण डिस्क नुसती कण्हत असेल, कसाबसा सेक्टर वाचून देत असेल, तर कार्डाच्या हिशेबी सगळं आलबेल. आमच्या चारही ट्रेवर हिरवे दिवे होते. त्यांच्याकडे बघून मी रोज निश्चिंत होत होतो.

ज्यांच्याकडून सर्व्हर घेतला त्यांचा माणूस येऊन गेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. मशिन बंद करा, चालू होताना कार्डाच्या मेनूत शिरा, बघा. नाहीतर तिसरा ट्रे जरा गरम लागतोय, तोच काढून नवीन घाला. बंद करायचं म्हणजे कॅज्युअल्टीला लॅबचे रिपोर्ट कागदावर, एक्स-रे दिसणार नाहीत, आणि वर्षानुवर्षं अखंड चालत आलेली पेटी पुन्हा उठेल का ही धाकधूक वेगळीच. आणि हाताला गरम लागतो म्हणून ट्रे ओढायचा, हे तर वैदूचं काम झालं.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, “कार्ड कोणतं?” मेगारेड म्हटल्यावर तुमचा आवाजच बदलला. मग स्टोरसीएलआय (त्या कार्डाला प्रश्न विचारायची युटिलिटी) बसवू, होस्ट बंद करायची गरज नाही, म्हणालात. स्क्रीन बघायला देतो म्हटलं तर तेही नको. “तुम्ही टाइप करा आणि आलेलं वाचून दाखवा. तुम्हाला काय वाटतं ते नंतर सांगा.” त्या क्षणी मला हे जरा कोरडं वाटलं होतं. आज त्याचेच आभार सगळ्यात जास्त मानायचे आहेत.

डाउनलोड झालेल्या झिपमध्ये झिप, त्यात लिनक्स, विंडोज, व्हीएमवेअर असे वेगवेगळे फोल्डर. लिनक्सची फाइल सरळ होस्टवर टाकून चालवू का, असं विचारलं तर तुम्ही थांबवलंत. ईएसएक्सआयचं शेल लिनक्ससारखं दिसतं, पण ते लिनक्स नाही, खाली व्हीएमकर्नल आहे. शिवाय टेम्प फोल्डर मेमरीत असतं, तिथं ठेवलेली वस्तू रीबूटनंतर गायब. टिकून राहील असं काही बसवायचं तर ते व्हिबच्या पॅकेटमधूनच. त्या पॅकेटवर सही असते, आणि होस्ट कोणत्या दर्जाची सही मान्य करतो त्याच्या चार पायऱ्या असतात. व्हीएमवेअर सर्टिफाइड सगळ्यात वर, मग व्हीएमवेअर ॲक्सेप्टेड, मग पार्टनर सपोर्टेड, आणि तळाला कम्युनिटी सपोर्टेड. आपला होस्ट मुळात तिसऱ्या पायरीवर उभा असतो.

इथं तुमचा एक आग्रह मी लिहून ठेवलाय. सही जुळली नाही तर सही तपासूच नको असं सांगणारा पर्याय आहे, किंवा होस्टची पायरी खाली आणता येते. दोन्ही करायचं नाही. “सही जुळत नसेल तर आपण चुकीची फाइल उचललीय असं समजायचं आणि बरोबर फाइल शोधायची.” आम्ही ७ साठीचीच फाइल शोधली. पायरीला हात लावावाच लागला नाही.

फाइल डेटास्टोअरवर, म्हणजे होस्टच्या डिस्कवरच्या साठ्यात, चढवली, एसएसएच तेवढ्यापुरतं चालू केलं. मग दोन बारकावे सांगितलेत, जे मला कुणी आधी सांगितले नव्हते. एक, इन्स्टॉलच्या कमांडमध्ये झिपचं बंडल असेल तर डॅश-डी, सुटी व्हिब फाइल असेल तर डॅश-व्ही. दुसरा, फाइलचा पत्ता व्हीएमएफएस या सगळ्यात वरच्या फोल्डरपासून पूर्ण द्यायचा. त्याच फोल्डरमध्ये उभं राहून नुसतं नाव दिलं तर हा इन्स्टॉलर ती फाइल व्हार, लॉग, व्हीएमवेअर या फोल्डरमध्ये शोधायला जातो आणि सापडत नाही म्हणून रडतो. का जातो, देव जाणे. त्याच्या मागं लागायला वेळ नाही, पूर्ण पत्ता द्या, म्हणालात.

आणि आधी ड्राय रन. म्हणजे खरोखर काहीच बसवायचं नाही, बसवलं तर काय होईल एवढंच विचारायचं. उत्तर आलं त्यात ‘रीबूट रिक्वायर्ड: फॉल्स’ ही ओळ होती. ती तुम्ही मला दोनदा वाचायला लावलीत. मग खरं इन्स्टॉल. काउंटरवर त्या वेळी पावत्या फाटत होत्या, कुणाला पत्ताही लागला नाही.

युटिलिटी जाऊन बसली ती ऑप्ट फोल्डरमधल्या ‘एलएसआय’ नावाच्या फोल्डरात. ब्रॉडकॉमच्या साइटवरून आणलेली वस्तू एलएसआयच्या घरात कशी, तर त्याचा इतिहास तुम्ही हसत हसत सांगितलात. एलएसआय ही मूळची कार्डवाली कंपनी २०१४ मध्ये अवागोनं घेतली, अवागोनं २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचंच नाव लावलं, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअरही घेतली. म्हणजे कार्ड, युटिलिटी आणि होस्ट तिन्ही आता एकाच घरचे. फोल्डर मात्र एलएसआयच. लग्न होऊन नाव बदललं तरी रेशनकार्डावर माहेरचंच राहावं, तसं.

पुढचा भाग मी कितीही सांगितला तरी माझं समाधान होत नाही.

मला वाटलं होतं आता थेट डिस्क बघू. तुम्ही आधी कॅशेव्हॉल्टची अवस्था विचारलीत. लिहिताना अडखळतंय म्हणजे पहिला संशय तिथं. कार्डावरच्या कॅशेला वीज गेल्यावर सांभाळणारं ते साधन बिघडलं की कार्ड राइट-बॅक (आधी कॅशेत घ्यायचं, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर येतं, प्रत्येक लिखाण डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं आणि सगळं मंदावतं. डिस्क निरोगी असताना लोक डिस्क बदलत बसतात ते यामुळे, असं म्हणालात. आमचं ‘ऑप्टिमल’ निघालं. एक संशयित सुटला.

मग चारही डिस्कचे आकडे एकेक करून वाचून दाखवले. मीडिया एरर, अदर एरर, प्रेडिक्टिव्ह फेल्युअर, आणि स्मार्टनं, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-तपासणीनं, इशारा दिलाय का. अदर एरर वाढलेले असतील तर केबल किंवा बॅकप्लेनकडे (डिस्क ज्या बोर्डात खोचतात तो) बघायचं, मीडिया एरर वाढले तर खुद्द डिस्कच्या पृष्ठभागाकडे. तीन डिस्कवर सगळीकडे शून्य. स्लॉट २ वर मीडिया एरर तीन आकडी, आणि स्मार्टच्या इशाऱ्यासमोर ‘येस’. तरी अवस्था ‘ऑनलाइन’, अॅरे (चारही डिस्कचा संच) ‘ऑप्टिमल’. मी आकडा सांगितल्यावर तुम्ही क्षणभर काहीच बोलला नाहीत, आणि मग विचारलंत, “बॅकअप कधीचा आहे?”

बॅकअप रात्रीचा होता. तरी ताजा घ्यायला लावलात आणि लॅबच्या मशिनमधला एक जुना रिपोर्ट त्यातून उघडून दाखवायला लावलात. उघडला. मगच पुढं.

नवी डिस्क आलेली होतीच. जुनी ओढायची, नवी खोचायची, रीबिल्ड (बाकीच्यांवरून नवी भरणं) आपोआप सुरू, हे मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, पेटीत रिकामा बे (डिस्क घालायची जागा) आहे ना, मग ओढायचं कशाला? जुनी बाहेर काढली की रेड ५ त्या क्षणापासून उघडा पडतो. रीबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, तेवढ्या तासांत त्यांतली एक घसरली तर काहीच हाती राहत नाही. त्यापेक्षा नवी डिस्क रिकाम्या बेमध्ये घाला आणि कॉपीबॅक लावा. जुनी जागेवर असतानाच तिच्यावरचं नवीवर उतरेल. जुनीवरचा एखादा भाग वाचता आला नाही तर तो बाकी तिघांवरून उभा करता येईल, कारण अॅरे अजून शाबूत आहे. हे ऐकल्यावर मला ‘तिसरा ट्रे ओढा’ हा सल्ला आठवला आणि पोटात गोळा आला.

कॉपीबॅक रात्रभर चाललं. टक्के अधूनमधून बघत होतो. तुम्ही झोपा म्हणालात, मी काही झोपलो नाही. सकाळी नवी डिस्क अॅरेत, जुनी बाहेर पडून ‘अनकॉन्फिगर्ड गुड’. त्या ‘गुड’वर विश्वास ठेवून ती पुन्हा कुठं वापरू नका, असंही बजावलंत.

शेवटी ती काढायची वेळ आली. स्लॉट २, म्हणून मी २ लिहिलेल्या ट्रेकडे वळलो, तेवढ्यात फोनवरून तुमचा आवाज: “हात लावू नका, आधी लोकेट.” कमांड दिली आणि ३ लिहिलेल्या ट्रेचा दिवा लुकलुकायला लागला. स्टोरसीएलआय स्लॉट ० पासून मोजतं, आणि ट्रेवरचे स्टिकर कुणीतरी १ पासून लावलेले. २ नंबरचा ट्रे म्हणजे चालू अॅरेतली धडधाकट डिस्क. आता स्टिकर मी बदललेत, ० पासून. आणि हो, ज्यानं ट्रे गरम लागतो म्हणून बोट दाखवलं होतं, तो तिसराच होता. त्याचा अंदाज बरोबर निघाला हे मान्य करायला हवं, पण तो तसाच ओढला असता तर काय झालं असतं, ते तुम्ही सांगितलंच आहे.

यात माझ्याकडून टायपिंगपलीकडे फार काही झालं नाही. पण प्रत्येक ओळ मीच वाचली असल्यामुळे पुढच्या वेळी मला कुणाला फोन लावायच्या आधी काय विचारायचं ते ठाऊक असेल. तुम्ही स्क्रीन हातात घेऊन अर्ध्या वेळात काम उरकलं असतंत, तर मी आजही हिरव्या दिव्यांवरच भरवसा ठेवून असतो.

तुम्ही सांगितलेली नोंद सुरू केलीय. कार्डाची पॅट्रोल रीड मुळात १६८ तासांनी, म्हणजे आठवड्यातून एकदा, सगळ्या डिस्क चाळून जाते. म्हणून दर सोमवारी चारही डिस्कचे आकडे नि कॅशेव्हॉल्टची अवस्था वहीत. ऑक्सिजनच्या रजिस्टरशेजारीच ठेवलीय ती वही, म्हणजे मी रजेवर असलो तरी सिस्टर आठवण करतील. आतापर्यंत चारही शून्य. रिकाम्या झालेल्या बेमध्ये एक हॉट स्पेअर (एखादी मेली की आपोआप तिची जागा घेणारी जादा डिस्क) घ्यायला ट्रस्टींनी मंजुरी दिलीय. अर्ज लिहिताना तुमचंच वाक्य वापरलं.

एक विचारायचं राहिलंय. ईएसएक्सआय ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ८ वर जायचं म्हटलं तर त्यात काही जुन्या कार्डांना जागा नाही असं दिसतं, आमचं कार्ड त्यात येतं का ते यादीत बघून ठेवलंय. शिवाय ८ मध्ये व्हिबमधून न बसवलेली कोणतीही फाइल होस्ट मुळातच चालू देत नाही, म्हणजे स्टोरसीएलआय तिथंही अशाच रीतीनं बसवावं लागणार. कार्डाचा मॉडेल नंबर आणि फर्मवेअर या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवतोय. ८ वर जाता येईल का, ते सवडीनं बघा. रविवारी दुपारनंतर फोन केला तर चालेल का, तेवढं कळवा.

आपला नम्र,
रुग्णालयाचा कॉम्प्युटर सांभाळणारा