टरफलाबरोबर जाणारं पांढरं

ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर बोलता बोलता तू एक वाक्य टाकलंस आणि लगेच दुसऱ्याच विषयावर गेलीस. "अंडं सोलताना अर्धं पांढरं टरफलाबरोबर निघून जातं, मग यांना वाढायचं तरी काय?" तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाहीये. डॉक्टरांनी बाबांना रोज अंड्याचं पांढरं खायला सांगितलंय. एका मोठ्या अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्यातलं निम्मं कचऱ्यात जात असेल, तर बाबांच्या पोटात जातं तरी किती? फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं बरं" म्हणाली असतीस आणि गॅसकडे वळली असतीस. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. कागद स्वयंपाकघरात हाताशी ठेव.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. हा तुझ्या हातांचा दोष नाही. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत म्हणून असं होतं, असं तू म्हणालीस. आई, तसं मुळीच नाही. तू परसातल्या कोंबड्यांची अंडी सकाळी उचलतेस आणि दुपारी उकडतेस, आणि नेमकं तिथेच अडतं. ताजं अंडं सोलायला कोणाच्याही हाताला अवघडच जातं.

हे मला इथे आल्यावर कळलं. आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सकाळच्या नाश्त्याला साठ अंडी सोलावी लागतात, आणि ते काम माझ्याकडे आहे. पहिल्या महिन्यात एके दिवशी फ्रिजमधली अंडी संपली, म्हणून मी त्याच सकाळी आलेला ट्रे उघडला. पातेलं रोजचं, वेळ रोजची, हातही माझेच. पण एकही अंडं धड निघेना. टरफलाचा नखाएवढा तुकडा उचलला की त्याला चिकटून पांढऱ्याचा लचका यायचा. कुठे बलक उघडा पडलेला, कुठे नुसते खड्डे. वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपुढे तसली अंडी ठेवताना मला फार वाईट वाटलं. मुख्य स्वयंपाकीणबाईंनी त्यातलं एक हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ही आज आलेली ना?" मग त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. पुढे मी स्वतः वाचून, करून पाहिलं.

टरफल आपल्याला घट्ट दिसतं, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दिवस जातात तसा तो त्या छिद्रांतून हळूहळू बाहेर पडतो आणि पांढरं जास्त अल्कधर्मी होत जातं. हे पीएच नावाच्या आकड्याने मोजतात, आकडा जितका मोठा तितकं जास्त अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, सोड्यासारखं. घातल्या घातल्या त्याचा पीएच साधारण ७.६ ते ७.९ असतो, काही दिवसांनी तो ९ च्या वर जातो. टरफलाच्या आतून दोन पातळ पापुद्रे असतात. पीएच कमी असताना उकडलं तर पांढरं आतल्या पापुद्र्याला धरून बसतं. तो वाढला की पकड सैल होते. शिवाय अंड्यातलं थोडं पाणीही उडून जातं, त्यामुळे रुंद बाजूची हवेची पोकळी मोठी होते आणि सोलायला सुरुवात करायला जागा मिळते.

तेव्हा पहिलं काम हे कर. अंडी आणलीस की टरफलावर पेन्सिलीने तारीख लिही आणि फ्रिजमध्ये ठेव. उकडायला नेहमी आठ-दहा दिवसांपूर्वीची घे. ताजी अंडी इतर पदार्थांना वापर, तिथे ताजेपणा उपयोगीच पडतो. मात्र ठेवण्याआधी ती धुऊ नकोस. टरफलावर कोंबडीकडूनच आलेला एक अतिशय पातळ थर असतो, तो बाहेरची घाण आत जाऊ देत नाही, आणि धुतलं की तो निघून जातो. काही लागलं असेल तर कोरड्या फडक्याने पूस आणि वापरायच्या वेळी कोमट पाण्याने धू. गार पाण्याने नको. गार पाण्यात आतलं आकसतं आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाऊ शकते.

आता उकडण्याचं. आई, तू अंडी गार पाण्यात घालून पातेलं गॅसवर चढवतेस. मीही अशीच शिकले होते. पण पाणी हळूहळू तापतं तसं पांढरंही हळूहळू घट्ट होतं आणि घट्ट होता होता पापुद्र्याला चिकटतं. त्यापेक्षा आधी पाण्याला खळखळ आदण येऊ दे आणि मगच अंडी सोड. बाहेरच्या थराला एकदम चटका बसला की तो पापुद्र्याला धरायच्या आधीच आपल्यात आवळला जातो. मी दोन्ही तऱ्हा एकाच दिवशी, एकाच ट्रेमधल्या अंड्यांवर करून पाहिल्यात. फरक इतका होता की त्या दिवसापासून मी गार पाण्यातून सुरुवात केलेलीच नाही.

अंडी फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ठेव आणि झाऱ्यावरून एकेक अलगद सोड, वरून टाकू नकोस. अर्धा मिनिट तसंच उकळू दे, मग आच बारीक कर. पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, अंडी एकमेकांवर आपटता कामा नयेत. मोठ्या अंड्याला अकरा-बारा मिनिटं लागतात. आपल्या कोंबड्यांची अंडी लहान असतात, त्यांना दहा पुरतील. पाण्यात मीठ टाकलंस तर चालेल. एखादं तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं लवकर गोठतं, एवढाच त्याचा उपयोग. मिठाने सोलणं सोपं होतं असं मला कधी दिसलं नाही. व्हिनेगरचंही तसंच.

वाफेवर केलीस तर आणखी बरं. मला स्वतःला तीच रीत जास्त आवडते. पातेल्यात दोन बोटं पाणी, वर जाळी, पाण्याला उकळी आली की अंडी जाळीवर मांडायची आणि झाकण लावून बारा मिनिटं ठेवायची. वाफेचा चटकाही उकळत्या पाण्यासारखाच एकदम बसतो, पण अंडी जागची हलत नाहीत, त्यामुळे तडकतात कमी. पाणीही थोडंच तापवायचं असल्यामुळे गॅस वाचतो.

कधी घरात ताजीच अंडी असतील आणि बाबांना तेव्हाच द्यायची असतील, तर लिटरभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाल. सोडा अल्कधर्मी, म्हणून थोडी मदत होते. पण त्याने गंधकासारखा वास वाढतो आणि बाबांच्या नाकाला तो लगेच कळेल. त्यामुळे अगदी अडल्यावरच. ताज्या अंड्यालाही उकळत्या पाण्याची किंवा वाफेची सुरुवात सोड्यापेक्षा जास्त कामी येते.

वेळ संपली की अंडी त्याच गरम पाण्यात राहू देऊ नकोस. एका भांड्यात गार पाणी आणि भरपूर बर्फ आधीच तयार ठेव आणि झाऱ्याने काढून थेट त्यात घाल. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू दे. याने आतलं शिजणं थांबतं. बलकाभोवती हिरवट-करडी कड येते ना, ती जास्त शिजल्यामुळे येते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा संयोग होतो. खायला अपाय नाही, पण बाबांना ती कड दिसली की अंडं खराब आहे असंच वाटतं.

आता सोलणं. अंडं हातात फिरवून रुंद बाजू शोध आणि ती ओट्यावर हलकेच टेकव. तिथे टरफल आत दबेल, कारण खाली पोकळी असते. मग अंडं आडवं करून तळव्याखाली एकदाच, अगदी हलक्या हाताने फिरव. सगळीकडे बारीक तडे गेले की पुरे, जोर देऊ नकोस. दबलेल्या जागी नखाने टरफल उचलशील तेव्हा त्याखाली ओलसर, पांढुरका पापुद्रा दिसेल. तो पकडायचा, आई. सगळं त्यावरच आहे. टरफलाचे तुकडे वेचत बसलीस तर शंभर निघतील आणि पांढरं ओरबाडलं जाईल. पापुद्र्याखाली अंगठ्याचं पोट सरकव, नख नव्हे, आणि अंडं पाण्याच्या भांड्यात बुडवून किंवा नळाच्या बारीक धारेखाली धरून अंगठा पुढे पुढे ने. पाणी आत शिरतं आणि पापुद्रा अलग करत जातं. तडकलेले सगळे तुकडे त्या पापुद्र्याला धरून एका पट्टीसारखे उलगडतात आणि खाली गुळगुळीत पांढरं दिसायला लागतं. तुझ्या दुखऱ्या बोटांना यात काहीही ओढावं लागणार नाही.

बाबांना लागतील तेवढीच सोल. बाकीची टरफलासकट फ्रिजमध्ये ठेव, आठवडाभर राहतात. उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नकोस. टरफलावरचा तो थर उकडताना निघून गेलेला असतो, त्यामुळे ती कच्च्या अंड्यांपेक्षा लवकर खराब होतात. कच्ची कुठली आणि उकडलेली कुठली असा गोंधळ झाला तर अंडं ओट्यावर भोवऱ्यासारखं फिरव. उकडलेलं झपकन फिरतं, कच्चं डुगडुगतं.

एक अंदाज ठेव म्हणून सांगते. तारीख लिहायची राहिली तर कच्चं अंडं पाण्यात सोडून बघ. ताजं तळाशी आडवं पडतं. थोडं मुरलेलं रुंद बाजूने वर उचललं जातं, तेच उकडायला घ्यायचं. पूर्ण वर तरंगायला लागलं तर वापरू नकोस.

आज जी अंडी उचलशील त्यांच्यावर तारीख लिहून ठेव आणि पुढच्या आठवड्यात त्यातली चार या पद्धतीने कर. दोन पाण्यात, दोन वाफेवर. मग मला फोन करून सांग, पापुद्रा एका पट्टीत निघाला की नाही आणि बाबांच्या वाट्याला पांढरं अख्खं आलं की नाही. नाही जमलं तर व्हिडिओवर माझ्यासमोर सोल, मी बघते कुठे अडतंय ते.

बाबांना नमस्कार. धाकट्याला म्हणावं, पेन्सिलीला टोक काढून ती फ्रिजवर ठेव.

तुझी
थोरली