चि. मनूस

सांगली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीज झाली तशी न बोलता गाडीत बसलीस. फोनवर मी सुरू झालो की "हो पप्पा" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय.

डोक्यात केस जाऊन चट्टा पडलाय, ती चाई आहे, लसूण चोळ, असं मामी म्हणाली, ते मनावर घेऊ नको. लसूण चोळून कातडी भाजते, चाई जात नाही. प्रकाशचं बघितलंच आहेस. पण ती चाईच आहे हे तरी कुणी ठरवलं? गजकर्णानंही डोक्यात असे चट्टे पडतात. ते दुसऱ्याला लागतं, चाई लागत नाही. औषधंही वेगळी. मेडिकलमधून ट्यूब आणून लावू नको, त्यात स्टिरॉइड असलं तर गजकर्ण आणखी पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

मी मिरजेला विचारून आलो. चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते, पण मुळं मरत नाहीत. म्हणून केस परत येऊ शकतात, आधी पांढरे आले तरी घाबरायचं नाही. डॉक्टर भिंगातून चट्टा बघतात, नखांवर बारीक खड्डे आहेत का तेही बघतात. तुझी नखं बघायची राहिलीच. चट्टा लहान असला तर तिथंच इंजेक्शन देतात. फार पसरलं तर आता गोळ्याही आहेत, बॅरिसिटिनिबला 2022 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या मात्र रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या.

झालं, परत शिकवायला लागलो. रागावू नको.

2019 च्या पुरात बोटीत चढताना आजीच्या गोळ्यांची पिशवी डोक्यावर धरून उभी होतीस. दोन्ही वेण्यांतून पाणी गळत होतं, आणि आम्हालाच म्हणत होतीस, रडू नका. तेवढी पोर कुणाची, असं बोटवाल्यानं विचारलं. माझी म्हणून सांगताना माझा आवाज फुटेना. ती पोर आता आरशासमोर टोपी घालून बसते, हे मला बघवत नाही.

लग्नाचं मामी बोलली, मी नाही. माझ्या डोक्यात आक्का आहे. तिचा थायरॉइड किती उशिरा कळला, आणि तोवर काय झालं, ते तू लहान होतीस तरी तुला आठवत असेल. चाई असणाऱ्यांत थायरॉइडचा त्रास जास्त सापडतो, आणि आपल्या घरात तो आहेच. म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घे. आक्काचं डॉक्टरांना आपणहून सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नको.

परीक्षा होऊ दे म्हणशील. परीक्षेआधीच जा. पैसे खात्यावर टाकलेत.

माझ्यावर राग असेल तर रिपोर्ट आईला पाठव, ती मला दाखवेल.

तुझे पप्पा